सत्त्याऐंशी जणांचं एकमत

तीर्थरूप सोनीबाईला धाकट्या भावाचा, जंगूचा जोहार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची म्हैस व्याली का? इकडे आम्ही ठीक. मोहाची फुलं गळताहेत, गावभर तो गोड वास भरून राहिला आहे, आणि माणसं चालता चालता थांबतात, कशाला निघालो होतो तेच विसरतात. (मी सकाळी पाण्याला गेलो तो दुपारी रिकामी घागर घेऊन परतलो.)

अशाच एका पेंगुळलेल्या सकाळी आपल्या आईच्या मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा भरली. गावाची रीत तुला ठाऊकच आहे, मतं मोजायची नाहीत, एकानं जरी 'नाई' म्हटलं तरी विषय बंद. विषय निघाला की सभेला टिनाचा मांडव हवा, आणि त्याला जागा हवी म्हणून हा मोह तोडावा. वरून फुलं टपटपत होती आणि आम्ही सत्त्याऐंशी जण त्याच्याच सावलीत बसून सावलीची सोय करत होतो. मला वाटलं, लटारूभाऊ सगळ्यांत वडील, तो नाई म्हणेल. त्यानं बुधरीकडे पाहिलं. बुधरीनं एकटीनं अस्वल हाकललंय, पण तिनं खाली पाहिलं. एकेक मान डोलली आणि झालं एकमत. (मी 'नाई' का म्हटलं नाही ते पुढे येईल, बहुतेक येणार नाही.)

संध्याकाळी लटारूभाऊ दारात. "जंगू, मले तं झाड तोडाचं नोव्हतं गा. पण सारे हो म्हणून राह्यले, मंग मी एकटा कसा नाई म्हणू?" मागोमाग बुधरी, तेच म्हणणं घेऊन. आजवर चाळीसेक जण येऊन गेले, झाड तोडायचं असलेला एकही सापडला नाही. शुक्रवारी कुऱ्हाड लागणार. बाई, त्या झाडाखाली पडून वर पाहिलं की फुलं वेचणारी आई अजून जवळच असल्यासारखी वाटते. ते गेलं तर मला फार जड जाईल. रोज पहाटे मी तिथं "नाई" म्हणून पाहतो. एकटा असलो की आवाज पार डोंगरापर्यंत जातो.

तुझा,
जंगू

ता. क. गुरुवारी पुन्हा सभा आहे, तू ये. माहेरवाशिणीला सभेत बोलता येतं का, कोणाला ठाऊक नाही, पण तुला अडवायची हिंमत कोणात नाही. एवढं एक 'नाई' म्हण.

ता. क. दुसरा. हे पत्र लटारूभाऊ आणि बुधरीला वाचून दाखवलं. दोघांनीही माना डोलावल्या, तेव्हापासून पत्रात काहीतरी चुकलंय असा मला संशय आहे.

ता. क. तिसरा. झाड तोडायचं सुचवलं कोणी, हे तू आल्या आल्या विचारशील. मीच. सभेत कोणी काही बोलेना, मला गप्प बसवेना, आणि वाटलं, एवढ्या माणसांत कोणीतरी 'नाई' म्हणेलच.