फेकण्याचा परवाना

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ८.१०
आजचा दिवस या देशाच्या इतिहासात लाल अक्षरांनी लिहिला जावा. माझी कचऱ्याची पिशवी परत आली. दाराशी. लाल स्टिकर लावून. टोकियोतल्या निशी-कसाईत नऊ वर्षं टॅक्स भरतोय, आणि बिल्डिंगचे केअरटेकर सेकिने-सान, वय अडुसष्ट, माझा कचरा नापास करतात!

कारण, पिशवीत बॉल निघाला. माझा क्रिकेटचा बॉल. वर चामडं, आत कॉर्क, मध्ये दोरा. तो जळणारा की न जळणारा, हे त्यांच्या तक्त्यात नाही. पण तो पिशवीत गेलाच कसा? अनघाने टाकला. म्हणे, सव्वीस वर्षं झाली पुष्कर, आता फेक ना.

फेक! हा शब्द या घरात उच्चारायचा नाही असं लग्नातच ठरलंय.

संध्याकाळी ६
नोंद असावी म्हणून लिहितो. २१ फेब्रुवारी १९९९, पुणे, क्लबची सिलेक्शन मॅच. अंपायर शिरीष केळकर. माझ्या तिसऱ्याच ओव्हरला तीन नो-बॉल. म्हणे, याचं कोपर वाकतं, हा बॉल टाकत नाही, फेकतो. करिअर खलास. तेव्हापासून सगळा ग्रुप मला फेक्या म्हणतो. अनघाच्या मते नाव बरोबर आहे, पण त्यात कोपराचा काही संबंध नाही.

बॉल सेकिने-साननी ठेवून घेतला होता, तो परत आणायला खाली गेलो. दुभाषी म्हणून मुलीला, मितालीला नेलं. वय चौदा, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर. सेकिने-साननी बॉल हातात फिरवला, शिवणीवर बोटं ठेवून पाहिली आणि विचारलं, पिचर का? म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल फेकणारा. कार्टीने परस्पर हो सांगितलं. ते म्हणाले, मीपण होतो. प्रोफेशनल.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या गुन्ह्यासाठी मला पुण्यात बाद केलं, त्याचा इथे पगार मिळतो!

संकल्प : प्रोफेशनल पिचर व्हायचं. चिबातल्या एका छोट्या टीमची ओपन ट्रायल १० मेला आहे. फॉर्मवर वयाची अट नाही, म्हणजे त्यांना अनुभवी माणूस हवाय. मी एकोणपन्नास. उद्यापासून भात बंद.

४ मार्च
भात चालू. पिचरला कार्ब्ज लागतात.

९ मार्च, रविवार
अराकावा नदीकाठचं मैदान. सेकिने-साननी स्वतःचा बॉल दिला, जुना, पिवळा पडलेला. मी बावीस पावलांचा रनअप घेऊन टाकला. मध्येच टप्पा पडला. रनअप नसतो म्हणे. टप्पाही नसतो. मग ते ओरडायला लागले, हिजी! हिजी! मितालीला विचारलं. म्हणाली, कोपर.

कोपर! साडेसहा हजार किलोमीटर लांब येऊन पुन्हा कोपर! आणि आता तक्रार उलटी. वाकव म्हणतात. सव्वीस वर्षं भिंतीवर हात टेकवून सरळ ठेवलेलं कोपर यांच्या सांगण्यावरून वाकेल?

२३ मार्च
चौकशी केली. सेकिने-सान यांची संपूर्ण प्रोफेशनल कारकीर्द : एक मॅच, अकरा बॉल. चार वाईट टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. यांनी दोघांना चालत पाठवलं. मग मॅनेजर मैदानात आला, हे बाहेर गेले, पुन्हा कधी बोलावणं नाही. आणि हा माणूस मला शिकवणार!

त्या मॅनेजरचं नाव विचारलं. आठवत नाही म्हणाले. मला केळकरांच्या स्कूटरचा नंबर पाठ आहे, आणि यांना नाव आठवत नाही! वर म्हणतात, मजा आली होती. ज्याला राग नाही त्याला स्पीड कुठून येणार?

६ एप्रिल
चेरीची झाडं फुललीत म्हणून अर्धं टोकियो नदीकाठी चटया टाकून बसलेलं. एवढे प्रेक्षक बघून जोरात फेकला. बॉल नदीत गेला. वारा होता. सेकिने-सान जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले, मग वाकून माझीच माफी मागितली, वाऱ्याबद्दल. चला, चूक कबूल करण्याइतका तरी माणूस प्रामाणिक आहे.

२१ एप्रिल
तोयोसुच्या ऑफिसात जाहीर करून टाकलं, नोकरी सोडणार. टीममधला ऋषी म्हणाला, सर, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, सीझन संपेल. जळतो.

१० मे, शनिवार
ट्रायल. माझ्या आधीच्या पोराचा स्पीड १३८. माझा ७४. माझ्या वेळेला मशीन मैलांवर लावलं असणार. सहा बॉल, सहा टप्पे. शेवटी हातात एक कागद दिला, खाली शिक्का. मितालीने वाचला : कोपर अजिबात वाकत नाही. या हाताने फेकता येणार नाही.

पुन्हा वाचायला लावलं. तीनदा.

निर्दोष! लेखी! पुण्याच्या ग्रुपवरून केळकरांचा नंबर मिळवला, कागदाचा फोटो पाठवला, खाली भाषांतर, त्याखाली चार उद्गारचिन्हं. आता बघतो.

११ मे
केळकरांचं उत्तर : नमस्कार, आपण कोण?

नाव, तारीख, मैदान, ओव्हर, सगळं लिहून पाठवलं. चाळीस मिनिटांनी उत्तर : आठवत नाही हो. त्या सीझनला बऱ्याच जणांना नो-बॉल दिले होते. रागावू नका. कोपराला शेक द्या.

जेवताना मिताली बोलली, तेही चक्क मराठीत. बाबा, नदीत गेला ना, तो बॉल अकरावा होता. सेकिने-साननी त्यांच्या त्या एकुलत्या मॅचहून घरी आणलेला. मी ओरडलो, मग मला दिला कशाला? तिनेही त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, बॉल फेकण्यासाठीच असतो.

अनघाने पोळी वाढली.

१३ मे, मंगळवार. सकाळी ६
खाली गेलो. सेकिने-सान अजून यायचे होते. त्यांच्या खिडकीच्या फळीवर माझा क्रिकेटचा बॉल ठेवला. एका बॉलचं देणं होतं.

मितालीला उठवलं नाही. चिठ्ठी मीच जपानीत लिहिली, भिंतीवरच्या कचऱ्याच्या तक्त्यात अक्षरं बघत बघत, आणि बॉलला चिकटवली : हा कचरा नाही.