भुताचा डावा पाय

३ मार्च
वहीबाई, उशीर झाला, रागावू नकोस. दोन महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. लेक बोलत नाही, हे रोज काय लिहायचं? तिची आई गेली तेव्हा लेक म्हणाली, "तुम्ही आईकडे कधी बघितलंच नाही." त्याला चार वर्षं झाली.

आज लग्नाचे व्हिडिओ काढणारा आला. सिनेमा काढतोय म्हणे, भुताचा. आपल्या गावात आजवर एक सिनेमा निघाला नाही, आणि हा निघालाय भूत घेऊन! आपोआप उघडणारं दार हवंय. सुताराला काय, भूत येवो की नवरी, दार ते दार. हो म्हटलं.

९ मार्च
दार दोरीनं ओढतात. दोरी दिसते. सांगितलं, तर म्हणतो, "काका, अंधारात कोण बघतंय?" हसं माझ्या दाराचं होणार. झोप नाही. गुडघाही सुजलाय.

१२ मार्च
भूत म्हणून शिंपीणबाई आणली. तोंड रंगवणारं कोणी मिळालं नाही, म्हणून भूत सगळीकडे पाठमोरं. बाई चालली लग्नात मिरवल्यासारखी. मला राहवलं नाही. म्हटलं, म्हातारं भूत असं चालत नाही. डावा पाय ओढायचा, तिसऱ्या पावलाला थांबायचं, भिंतीला दोन बोटं टेकायची. चालून दाखवलं. मग व्हिडिओवाल्यानं बाईची शाल काढून माझ्याच अंगावर टाकली.

या वयात हे सोंग.

२० एप्रिल
शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. दोरी दिसली, हशा पिकला — सांगितलं होतं मी. भूत चाललं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "वहिनीच चालल्या हो."

लकवा झाल्यानंतरची माझ्या बायकोची चाल. मला ती इतकी पाठ आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं!

शेजारणीनं तो तुकडा फोनवरून लेकीला पाठवला. मी नको म्हटलं नाही. मनात मांडे — आता तरी तिला कळेल, बघत होतो मी.

२३ एप्रिल
उत्तर आलं. शेजारणीनं वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसली. "चाल एवढी पाठ होती, तर आई पडली तेव्हा दोन तास कुठे होतात?"

मागच्या शेडमध्ये. रंधा मारत होतो. जेवायला हाक आली नाही, म्हणून रागावून घरात गेलो, तेव्हा ती पडलेली दिसली.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. उद्या शेजारणीकडून कळवतो. पोरी, शिव्या घाल हवं तर. पण लवकर काहीतरी कळव.