इथवर आले

बेर्शेबा, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

याएलचा आज मला फार राग आला. आमच्या वेबसाइटवर ऑर्डरच्या पानावरचं बटण दोन दिवस चालत नव्हतं. स्क्रिप्ट कुठवर चालते ते कळावं म्हणून मी सवयीप्रमाणे तिच्यात दर चार ओळींनी एक अलर्ट, म्हणजे पडद्यावर उघडणारी निरोपाची चौकट, टाकला, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: "इथवर आले", "हे पण झालं". ऑफिसात कोणाला कळतंय? ओके दाबून दाबून बोट दुखलं.

ही याएल, महिन्याभरापूर्वी लागलेली मेली, तिने ब्राउझरचा चुका शोधायचा डीबगर उघडला, एका ओळीपुढे लाल ठिपका लावला. स्क्रिप्ट तिथेच थांबली आणि पाच मिनिटांत चूक सापडली. एक लाल ठिपका! साहेब तिच्या खुर्चीमागून हलेनात.

माझे अलर्ट पुसताना तिने मोठ्याने वाचलं, "इथवर आले." अगदी नीट. मग हिब्रूत म्हणाली, "माझी आजी जिना चढली की हेच म्हणते."

म्हणजे आपल्यातलीच, महाराष्ट्रातून आलेल्या बेने इस्रायल ज्यूंपैकी. मी हसले, पण आतून जळले. लाल ठिपका काय, शिकेन मीही.

घरी तीन जिने चढून दारातच म्हटलं, "इथवर आले गं, नोआ."

माझ्या लेकीने टीव्हीवरून नजर न काढता हिब्रूत विचारलं, "काय म्हणालीस?"