रंग बदललेला राक्षस

गुरुवार, ता. १४
दुपार

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. तूही प्लास्टरसकट बरी असशील असं धरून चालतो. मावशीचे गुडघे काय म्हणतायत? तिला म्हणावं, भाचीला तरी जिने चढायला लावू नकोस. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, उजवा हात सुजलाय म्हणून; हसू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. तुझ्या फोनवरचं सगळं दाजींना तिकडे बसूनही बघता येतं, हे तूच सांगितलं होतंस. काल तुझ्या घरून चष्मा आणि औषधं आणली, ती या पत्रासोबत माणसाहाती पाठवतोय, संध्याकाळपर्यंत पोचतील.

मावशीला तू सांगितलंस म्हणे, की आपला छोट्या म्हणजे राक्षसांचा मास्तर आहे. खोटं नाही. आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातली गोष्ट संपते, राजा मरतो, राज्य हाती येतं, तिथून माझं काम सुरू होतं. खरं तर तेव्हा खेळणाऱ्याने उठून जेवायला जावं. पण तो उठला तर आम्ही काय खायचं? म्हणून शेवटानंतरचा खेळ असतो, एंडगेम, तो मी रचतो. नवे राक्षस घडवणं महाग पडतं. मग जुनाच घ्यायचा. आमचा घणवाला म्हणून एक आहे, त्याला तांबडा रंग दिला आणि फटका दुप्पट केला की झाला नवा. मग निळा. लोक शिव्या घालतात, मरतात आणि परत येतात.

त्यात माझा एक नियम आहे. कुठलाही घाव सांगून आला पाहिजे. खांदा वळेल, टाच रुतेल, काहीतरी खूण हवी. खूण आणि घाव यांच्यातलं अंतर मी कमी करत नेतो, त्यालाच लोक अवघड म्हणतात. आमच्या मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, असंच. आता त्यांना काय सांगू, की आपले अण्णा मारण्याआधी शर्टाची बाही दुमडायचे म्हणून? उजवी आधी, मग डावी. डावी होईपर्यंत तू मला पलंगाखाली ढकललेलं असायचंस आणि स्वतः बाहेर उभी राहायचीस. पट्टा तुझ्या पाठीवर बसायचा, तो आवाज मी फरशीला कान लावून ऐकायचो.

असो. तुझं पत्र मिळालं. रविवारी दाजींकडे परत जातेस म्हणे. मावशी सांगत होती की त्या दुसऱ्या गावच्या वसतिगृहात तुला काम मिळतंय, वर राहायला खोली, आणि तू अजून त्यांना हो म्हटलेलं नाहीस. उलट मला लिहितेस, "आता मला ह्यांचं कळायला लागलंय. कशाने चिडतात, कधी गप्प बसायचं. या खेपेला सांभाळून घेईन."

अगं ताई, हेच आमचे खेळणारे बोलतात. आता कळलं, या खेपेला जमेल. आणि त्यांना खरंच कळलेलं असतं, ते शिकलेले असतात. पण घणवाल्याचा जोर मी त्यांच्या ताकदीलाच बांधून ठेवलेला असतो. तुम्ही चिलखत जाड केलंत, की त्याचा घण जड होतो. पहिल्या वर्षी तुला थोबाडीत बसली. तू शिकलीस. मग केस धरून भिंतीवर आपटलं. तू तेही शिकलीस. आता मनगट. आणि माणूस वैतागून उठणार असं दिसलं, की मी एखादी चकाकती अंगठी टाकतो. मनगट मोडल्यावर तुला कानातले आले ना? ते कधी द्यायचे याचं गणित मी पगार घेऊन करतो, म्हणून मला ओळखू येतं.

आता कालचं. टाळत होतो.

चष्मा घ्यायला गेलो तर दाजी अगदी गोड. चष्मा, औषधं काढून दिली, बस म्हणाले, घर तिचंच आहे म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या बापानेच लग्नात सांगितलं होतं, पोरगी हट्टी आहे, ढील देऊ नका." मी काय बोललो आठवत नाही. ते उठले. त्यांची टाच रुतली, मी बाजूला झालो, मूठ कपाटावर बसली. पुन्हा तेच. मला एकही फटका लागला नाही. मग टेबलावरची इस्त्री माझ्या हातात आली. आधी खांद्यावर. मग गुडघ्यावर, तो मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. ते खाली पडल्यावर तोंडावर. "बास," म्हणाले, दातांतून रक्त येत होतं. मी ते नीट ऐकलं. आणि तरी त्यांचा हात उंबऱ्यावर ठेवून त्यावर इस्त्री आपटत राहिलो. शेजाऱ्यांनी मला मागे ओढलं तेव्हा मला राग आला, की यांनी मध्येच का थांबवलं.

रस्त्यावर आल्यावर स्वतःकडे पाहिलं. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. मी कधी दुमडल्या कुणास ठाऊक.

दाजी जिवंत आहेत, दवाखान्यात आहेत. हे पत्र रवाना करून मी पोलीस चौकीत जातोय, त्यांनी शोधत यायची वाट बघणार नाही. मॅडमना सांगितलंय, माझ्या जागी कुणी बघा.

तुला वाटेल, भाऊ माझ्यासाठी भांडला. तसं समजू नकोस. पहिले दोन फटके तुझ्यासाठी होते, बाकीचे मला आवडले म्हणून मारले. हे खरं आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी तुझं परत जाणं सोपं करून ठेवलंय. तुझा स्वभाव मला पाठ आहे. अंथरुणावर पडलेला नवरा, हाताला बँडेज, डोळ्यांत पाणी. तू भात भरवायला जाशील. नको जाऊस. त्यांचा हात बरा होईल, गुडघाही होईल.

आणि माझ्याकडेही येऊ नकोस. मी सुटून आलो तरी नाही. मी तुझ्यावर हात उगारणार नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण दाजींनीही तुला तसंच लिहून दिलं होतं, आणि अण्णा तर रडून सांगायचे.

आम्हा खेळ रचणाऱ्यांना हरणाऱ्याची भीती नसते, जिंकणाऱ्याचीही नसते. दोघंही परत येतात. जो मध्येच खेळ ठेवून निघून जातो, त्याच्यापुढे आमचं काही चालत नाही. त्या वसतिगृहाला आजच हो कळव. रविवारी नको, उद्याच्याच गाडीने जा. तिथला पत्ता मावशीला दे आणि मला देऊ नकोस असं तिला बजाव. मी कधी गोड बोलून मागितला, आजारी आहे म्हणालो, रडलो, तरी देऊ नकोस.

तुझ्या पाठीमागे लपून वाढलेला, आणि आता तुला ज्याच्याकडे पाठ फिरवायची आहे तो,
छोट्या