इंची लेथ, मिलिमीटरचे आटे आणि एक सही

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा टर्नर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलाच्या समाधानासाठी. मला शंका नव्हती.

कलम एक. लेथ मला वडिलांकडून मिळाला, तो माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. तो सगळ्या गिअर व हत्यारांसह सुनेला द्यावा. मुलाने तो भंगारवाल्याला दाखवून ठेवलाय, हे मला माहीत आहे. सुनेसाठी सूचना: लेथ इंची मापाचा आहे. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचा गिअर चढवायचा, आणि लेथच्या लांब स्क्रूला पकडून ठेवणारा हाफ नट काम पुरं होईपर्यंत उघडायचा नाही. प्रत्येक फेरीनंतर टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवत परत यायचं. घाईने नट उघडलास तर पुढची फेरी जुन्या खाचेत बसत नाही, जॉब वाया जातो. तुला हे एकदाच सांगावं लागलं. यजमानांना अजून पटलेलं नाही.

इथे एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. सव्वीस वर्षांपूर्वी छापखान्याचे मालक परदेशी मशीनचा तुटलेला स्क्रू घेऊन आले. इंची लेथवर हे होत नाही, असं सांगून यजमानांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा यजमानांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. इंचाचे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर मी पाचाने गुणले, तेवढ्या दात्यांचा गिअर कापून आणला आणि दोन दिवसांत स्क्रू केला. यजमान स्टुलावर बसून ‘होणार नाही’ म्हणत होते. मालकांनी नट फिरवून पाहिला. तो शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला. त्यांनी यजमानांचा डावा हात हातात घेतला.

“मास्तर, मोडक्या हाताने हे केलंत?”

“सवय असते,” यजमान म्हणाले.

मी शेजारीच उभी होते, केसांत लोखंडाचा कीस. पुढच्या आठवड्यात पाटीवर यजमानांच्या नावाखाली ‘मिलिमीटरचे आटे पाडून मिळतील’ अशी ओळ आली. आटे मीच पाडत राहिले.

कलम दोन. ‘तुला हेच शोभतं’ म्हणत नणंदेने दिलेलं शिलाई मशीन तिला परत करावं. तेल घातलेलं आहे, वापरलेलं नाही.

कलम तीन. घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला.

कलम चार. घराची पुढची खोली यजमानांना हयातभर राहायला. (खोडलं.)

खोडण्याचं कारण असं. वकिलांनी साक्षीदार कोण विचारलं. डॉक्टर तयार होते. दुसरा मी, असं यजमान म्हणाले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, सही केलीत तर खोलीचा हक्क जाईल, हे वकिलांनी त्यांना समजावलं. मीही म्हटलं, दुसरा माणूस बघू. त्यांनी मसुदा मागून घेतला आणि छापखान्याचा मजकूर दोनदा वाचला.

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही तिथेच बसला होतात.”

मग त्यांनी पेन मागितलं.

सुनेला विनंती: त्यांना घरात राहू द्यावं. लेथला हात लावू देऊ नये.

ठिकाण: वर्कशॉपची मागची खोली
मंगळवार, सकाळी अकरा

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार एक, शेजारचे डॉक्टर: (सही)

साक्षीदार दोन, लिहून देणारीचा नवरा: (सही)
वाचून, समजून सही केली. ते काम हिचं. त्यानंतरचीही सगळी.