हेजरचं लायसन

४ जानेवारी, रविवार
टँकर! कापसाचा ट्रक नाही, रेतीचा नाही — पेट्रोलचा! जेवता जेवता हे म्हणाले, "सुंदरा, पुलगावचा शेठ टँकरवर घ्याले तयार हाय. हेजरचं लायसन काढून आन म्हनते." हेजर म्हणजे पेटणारा, फुटणारा माल नेण्याची परवानगी. तीन दिवस नागपूरला शिकायचं, मग वर्ध्याला आरटीओत नोंद. आणि वरून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र! त्याशिवाय तेल कंपनी गेटच्या आत घेत नाही.
चारित्र्य! मी उगाच भाजी वाढली. पुरेशी होती ताटात.

६ जानेवारी
शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात यांनी शेजारच्या ओमप्रकाशभाऊंच्या हातावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. त्याला आता आठ वर्षं होतील. भाऊंचा उजवा हात अजून कोपरात वाकत नाही. यांनी जेल भोगली. सुटून आले तेव्हापासून कोणी काही बोललं तर हात पाठीमागे बांधून घेतात आणि ऐकतात. शिव्या मीच देते!

९ जानेवारी
इंग्रजी वाचता-लिहिता आलं पाहिजे म्हणे, नियमच आहे. यांचं इंग्रजी ट्रकच्या मागच्या फळीपुरतं. अंगणवाडीत पोरांना शिकवते तेच आता घरी सुरू केलं. चुलीजवळ बसवलं आणि म्हटलं, म्हणा — फ्लेमेबल.
"फ्लेमबल."
फ्ले-मे-बल!
"तू म्हनतं तं गोड वाटते, मी म्हनलं का टायर फुटल्यावानी!"
हसून हसून पोट दुखलं. भाकर करपली ती वेगळीच.

१० जानेवारी
फ्लेमेबल आलं!!

१९ जानेवारी, सोमवार
हे नागपूरला. घर खायला उठतं. दुपारी फोन आला — "पेट्रोल नाई पेटत सुंदरा, त्याची वाफ पेटते! दिसतबी नाई वाफ!" शाळेतून आलेल्या पोरासारखे सांगत होते. माझा जीव खालीवर. खरं लिहू? मनात आलं, पोलिसांनी नाहीच म्हणावं. कापूस वाहावा, दिवेलागणीला घरी यावं.
छे! लगेच देवापुढे जाऊन उभी राहिले. पण काय मागावं तेच कळेना.

२८ जानेवारी
लायसनवर हेजर चढलं. आरटीओत जुन्या केसमुळे काही अडलं नाही. पोलिसांच्या अर्जात मात्र यांनी सगळं खरं लिहून दिलं. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणतात, "लपवू काऊन? भोगून आलो न."

६ फेब्रुवारी
आज पोलिसांचा जमादार चौकशीला आला. आमच्याकडे चहा घेतला आणि उठून सरळ ओमप्रकाशभाऊंच्या अंगणात! हे गोठ्यात जाऊन बसले. मी कुंपणाशी उभी, कान तिकडे.
"मारलं कुंदननं, खरं हाय," भाऊ म्हणाले. "हा पाहा हात माहा." मला वाटलं, संपलं.
"पन साहेब, मांगच्या भादव्यात माह्या बायकोले, रुख्मीले, दवाखान्यात न्याचं होतं. कोनी गाडी काढेना. हा आला. वर्ध्यापर्यंत एक खड्डा लागू देला नाई तिले. सोडलं अन् चालला गेला. तोंडातून एक शब्द नाई. लिहा तुमी. देऊन टाका त्याले."
भादव्यात! मला तर भाडं घेऊन चाललो म्हणाले होते!
मी गोठ्यात गेले. काऊन नाही सांगितलं, विचारलं. "त्यात सांगाचं काय?" म्हणाले आणि म्हशीची पाठ खाजवत राहिले. डोळे पुसत होते. मी जोरात चिमटा काढला. रडू मलाही येत होतं.

२५ फेब्रुवारी
आलं प्रमाणपत्र! शिक्षा झाल्याचं लिहिलंय. खाली — त्यानंतर वर्तन चांगलं. शेठनं दोनदा वाचलं म्हणे, मग यांच्याकडे पाहिलं. "उद्यापासून येजो."
शिरा केला. एक वाटी ओमप्रकाशभाऊंकडे न्यावी का, विचारलं. हे म्हणाले, "नोको. घाई नोको करू. चांगुलपना केला त्यायनं, त्याचा मोबदला देल्यावानी वाटन."

२७ फेब्रुवारी
पहिली फेरी. फाट्यावर जाऊन उभी राहिले. टँकर आला, गेला. यांनी हात हलवला नाही — दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. कसं बरं वाटलं!

१७ मार्च
पहाटे ओमप्रकाशभाऊ गेले. झोपेतच. यांना फोन केला — अकोल्याजवळ होते, परतीच्या वाटेवर. मी भाऊंच्या घरी जाऊन बायकांच्या मागे, दाराशी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिरडी बांधून झाली, माणसं उठली. रुख्माबाईंनी मान वर केली.
"कुंदनले येऊ द्या. तो आल्याबिगर उचलू नोका."

माणसं परत खाली बसली.