वस्तीतला पहिला खांब

१२ जुलै १९८८
झरीपर्यंत एसटी, पुढे चिखल तुडवत साइटवर. भीती होती तेच झालं. सूर्यविजेच्या केंद्रासाठी मे महिन्यात ओतलेले काँक्रीटचे पाये काळ्या मातीने पाणी पिऊन वर उचललेत. सगळे सारखे उचलले असते तरी निभावलं असतं. एक वर, एक खाली. लोखंडी सांगाडे रुसलेल्या व्याह्यांसारखे एकमेकांकडे पाठ करून उभे. नशीब, काचेच्या प्लेटा अजून बसवल्या नव्हत्या. त्या पेट्यांत, शाळेच्या खोलीत आहेत.
घर पांढरीत, पीक काळीत. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. मी परभणी ऑफिसातल्या साहेबांना म्हणालोही होतो. "अहो, पहार लागत नाही इतकी कडक आहे, कशाला हलतेय!" उन्हाळ्यातली गोष्ट. शिवाय जागा दादाराव पाटलांनी फुकट दिलेली, रस्त्याला लागून, उद्घाटनाच्या गाड्या थेट दारात.

१५ जुलै
शेख मिस्त्रींनी दोन ठिकाणी खोदून पाहिलं. पुरुषभर खाली गेले तरी काळीच. खड्ड्यात पाणी साचलं, बेडूक आले. मिस्त्री म्हणाले, "साब, इथं केंद्र न्हाई, विहीर होईल."
गावच्या शिवारात मुरूम एकाच ठिकाणी. बरड. पूर्वेची उघडी, दगडगोट्यांची चढण, सरकारी पड. दिवसभर ऊन, दक्षिणेकडे उतार. प्लेटांसाठी यापेक्षा चांगली जागा मागूनही मिळायची नाही. बरडाच्या पायथ्याशी बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्या पलीकडे गाव. नकाशा कोणीही उघडला असता तरी पहिलं बोट तिथेच गेलं असतं. कोणाचं गेलं नाही.

२० जुलै
पाटलांकडे. माणूस वाईट नाही. चहा, वर पुन्हा दूध. बरडाचं नाव काढलं तशी कपबशी बाजूला ठेवली. मग:
"म्हंजे उजेड तिकडून यायचा गावात?"
म्हटलं, उजेडाला दिशा कसली.
"मला काई न्हाई हो. मी आपलं गावाचं सांगायलोय."
मी म्हटलं, जागा मिळाली नाही तर सगळं सामान पाथरीकडच्या गावाला जाईल, तसं परभणी ऑफिसात चाललंय. हे खरं होतं. पाथरी म्हटल्यावर हलले. "तसं कामून? हितंच होऊ द्या."
मी खुशीत. पाटलांना पटवलं म्हणजे झालं, असं वाटलं. वस्तीला विचारायचं राहिलंच आहे हे परतीच्या एसटीत लक्षात आलं.

२४ जुलै
वस्तीत गेलो. आनंदाची बातमी घेऊन गेल्यासारखा गेलो आणि तोंडावर पडलो.
बरडाच्या नेमक्या त्या उतारावर दगडांची चौकट रचलेली. बुद्धविहाराचं जोतं. दर रविवारी वस्तीतली माणसं थोडे थोडे दगड आणून लावतात. गयाबाई म्हणून एक बाई आहेत, साठीच्या आत-बाहेर, वस्तीत त्यांचाच शब्द चालतो. त्यांनी मला खाली बसायला पोतं दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.
"काळीत पाय रुतले तवा आमचं बरड दिसलं का साहेब?"
सांगितलं की केंद्र झालं तर वस्तीतही दिवे लागतील.
"गावाचे लागल्यावर?"
"आधी. तार इथूनच जाणार. पहिला खांब वस्तीत."
बोलून गेलो. ऑफिसला न विचारता. पण चूक बोललो असं वाटत नाही. गयाबाई म्हणाल्या, येत्या रविवारी सगळ्यांना इचारून सांगते.
उठताना त्यांच्या घराची मागची भिंत दिसली, खालून अजून जळून काळी. मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. "अठ्ठ्याहत्तरची हाय. नामांतराच्या टायमाची. धुतली, लिपली. निघंना." एवढंच. मग पोतं झटकून आत नेलं.

२ ऑगस्ट
रविवारी वस्तीचा होकार. मी म्हटलं, लेखी देतो. गयाबाई: "कागद नको. कागदं लय झाले. आधी खांब रोवा, मंग आमी दगडं हलवतो."
म्हणून काल उलटं काम. केंद्राचा पत्ता नाही, आणि वस्तीत पिंपळाजवळ एक लोखंडी खांब, वर रिकामी पट्टी. मिस्त्री हसले. घोड्याआधी लगाम. मुरुमात दुपारभर खोदलं, पण खांब बसला तो बसला. हलवून पाहिला. मला लय बरं वाटलं.
आज बायामाणसांनी जोत्याचे दगड उचलून वरच्या अंगाला नेले. तिथून प्लेटांवर सावली पडणार नाही, पण तिथे वारा फार. कोणी कुरकुरलं नाही. मला मात्र प्रत्येक दगड दिसत होता.

३० ऑगस्ट
पावसाने पाठ सोडली नाही. शाळेतून बरडाकडे निघालेला प्लेटांचा ट्रक गावाबाहेर आसापर्यंत रुतला. पाटलांनी स्वतःच्या बैलजोड्या दिल्या. बैलगाडीत कडबा, कडब्यात पेट्या, दोन्ही बाजूंनी वस्तीतली पोरं हात लावून. अर्धा दिवस गाव आणि वस्ती एकाच चिखलात. पाटील ओरडत होते, "आरं हळू, आरसे हायत ते!" एकही काच तडकली नाही.
असा दिवस रोज असता तर.

१७ सप्टेंबर
सांगाडे उभे, प्लेटा चढल्या, बॅटऱ्यांची खोली झाली. मुरुमातले पाये जागचे हलले नाहीत.
चावडीवर ग्रामसमितीची बैठक. तारेचा मार्ग हा विषय. मी सांगितलं: केंद्र, वस्ती, चावडी, सरळ रेघ. एक जण म्हणाला, वस्तीवरून आलेली तार चावडीत नको. दुसरा: पहिला दिवा त्यांचा लागला तर तालुक्यात तोंड दाखवायचं कसं? पाटील खाली बघत सुपारी कातरत होते. ठरलं ते असं: तार वस्तीला वळसा घालून, ओढ्याच्या बांधाने, पाटलांच्या मळ्यातून मागच्या बाजूने गावात.
मी समजावलं. ही बॅटरीची वीज. दाब कमी. तार जितकी लांब, तितका उजेड वाटेत मुरतो. गावातच दिवे मिणमिणतील. शिवाय तारेचा साठा यातच संपेल, वस्तीला काही उरणार नाही.
"मिणमिणू द्या," एक म्हातारा म्हणाला. "पण आपल्या वाटेनं येऊ द्या."
रागाने कान तापले. चहा घेतला नाही.

१९ सप्टेंबर
परभणी. साहेबांना सगळं सांगितलं. वस्तीला दिलेला शब्दही. ते फाइलीतून मान वर न करता: "समितीला दुखवू नका. आणि वस्तीचंही काहीतरी करा. तुमच्या पातळीवर बघा."
घरी सुमनला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे त्यांचे दगड गेले आणि तुमचा खांब नुसता उभा." मी चिडलो. खरं बोलली म्हणूनच चिडलो.

२७ सप्टेंबर
वळशाची तार ओढणं चालू. गयाबाई बरडावर आल्या, तारेची दिशा पाहिली. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, मन घट्ट करून उभा होतो.
"लांबून न्यायलाव."
म्हटलं, समितीचं ठरलं. लांबच्या तारेत वीज जिरते हेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.
"पाटात पाणी मुरतं तसं?"
"तसंच."
त्यांनी प्लेटांकडे पाहिलं, मग वळशाच्या तारेकडे. "तरी बी लांबूनच?" आणि हसल्या. ते हसू मला शिवीपेक्षा लागलं.

१४ ऑक्टोबर
उद्घाटन. मंडप, हार, भाषणं. गाड्या शेवटी बरडापर्यंत गेल्याच नाहीत, सगळं चावडीतच. दुपारी खटका दाबला. उन्हात काय कळतंय, टाळ्या झाल्या. दिवेलागणीला दिवे लागले. पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे. लोक खाली उभे राहून वर बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "मपला कंदील बरा."
वस्तीतून कोणी आलं नव्हतं. बोलावलं कोणी होतं?

२१ ऑक्टोबर
दसरा काल झाला. आज पाटील स्वतः बरडावर आले, पहिल्यांदाच. हातात आपट्याची पानं. मला दिलं सोनं. मग काचा पाहिल्या, बॅटऱ्या पाहिल्या. वरून खाली बघितलं तर वस्तीतला खांब, त्यामागे चावडी, एका ओळीत. हातभर अंतरावर असल्यासारखी.
"सरळ आणली तर किती लागतंय?"
"आहे त्या तारेत दोन्हीकडे पुरतं. वर उरतं."
"लोकं लय बोलायलेत, उजेड न्हाई म्हून." मग, "पण मी कसं म्हणू? मी म्हणलो तर मीच नमलो असं होतंय."
"मी करू का?"
ते उतरायला लागले. हो नाही, नाही पण नाही. वस्तीजवळ थबकले, खांबाला हात लावून जरा हलवून पाहिला आणि पुढे गेले.

२ नोव्हेंबर
दिवाळी तोंडावर. पाटलांकडून निरोप नाही. साहेबांकडून पत्र: दिवे मंद असल्याची तक्रार आली आहे, तातडीने कार्यवाही करावी. मार्गाबद्दल अक्षर नाही.
वरच्या अंगाला जोत्याची नवी ओळ लागली आहे. गयाबाई एकट्या दगड बसवत होत्या. मी एक उचलून दिला. घेतला आणि ओळीत बसवला. "तार कधी?" असंही विचारत नाहीत आता. ते विचारत होत्या तेव्हा बरं होतं.
मिस्त्रींना सांगून ठेवलंय. उद्या उजाडताच मळ्यातली तार उतरवायची आणि सरळ रेघेत ओढायला घ्यायची. पाटलांना विचारलेलं नाही. बहुतेक त्या वेळी ते मळ्यातच असतील. अडवतील, किंवा तोंड फिरवून मोट बघत बसतील. काय करतील ते त्यांनाही आज माहीत नसावं. ऑफिसनं विचारलं तर सांगीन, माझ्या पातळीवर बघितलं.
गयाबाईंना सांगितलेलं नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं.